बाराला पाच कमी

व्हेर्मोंसी
रविवार, १४ जून

ओदील पोरी,

तू आणि तुझी लेक आनूक बऱ्या असाल असं धरून चालते. मी जिवंत आहे, गुडघे तेवढे गेले. यंदाच्या चेरी पाखरांनी खाल्ल्या, मला दोन वाट्या ठेवल्या. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच. चौथीत शाळा सोडलेल्या बाईकडून एवढंच मिळेल.

काल मी होडीत बसले. हसू नकोस. बेकरीवाल्या फेर्नाँनं भट्टी बंद केल्यावर एक जुनी होडी घेतली आहे, पुढून भोपळा, मागून चप्पल. दारात येऊन म्हणतो, "चला लेओंतीनबाई, एकतीस वर्षं कालव्याच्या लॉकमध्ये पाणी चढवून-उतरवून लोकांना खालीवर केलंत, एकदा स्वतः होऊन बघा."

"आणि बुडाले तर?"

"तर गावाला तेवढीच शांतता."

गेले. कालव्यातून अशा चालीनं निघालो की काठावरची म्हातारी कुत्री पुढे जाऊन आमची वाट बघायची. फेर्नाँ वाइन ओतायचा, मी सॉसेज कापायची. तीन लॉक उतरलो. इतक्या वर्षांत मी लॉकचा हौद खालून पाहिलाच नव्हता गं. वरून माणसं म्हणजे नुसत्या टोप्या. खाली पाणी उतरतं तशी भिंत वर वर जाते, शेवाळाची, ओली, तळघरासारखी गार. वरच्या बाईचे फक्त बूट दिसतात, आणि तिनं केला तर हात.

चौथं लॉक आपलं. घर आता पॅरिसच्या लोकांकडे आहे, खिडक्या निळ्या रंगवल्यात. लॉकवर माएल नावाची मुलगी असते, आनूकपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. आम्ही पोहोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. फेर्नाँ ओरडला, "घे ना पोरी आत, पाचच मिनिटं!"

"आजोबा, बाराला माझं जेवण. पाच मिनिटांत पाणी उतरत नाही. तुम्हीही जेवून घ्या."

एक वाजता तिनं आत घेतलं. पुढच्या दोरीकडे बघितलं, मागच्या दोरीकडे बघितलं, हात वर केला आणि मी माझा वर करीपर्यंत थांबली. मगच पाणी सोडायच्या झडपेचा दांडा फिरवला. नियम तोच आहे, मीच तुला चालायला शिकवायच्या आधी शिकवलेला.

फेर्नाँ म्हणाला, "लेओंतीनबाई, आता खाली घ्या तो हात."

आता लिहिते. थांबले तर राहील.

सोळा वर्षांपूर्वी त्या रविवारी तुम्ही भाड्याच्या होडीनं आलात, तेव्हाही बाराला पाच कमी होते. आनूक माझ्याकडे ठेवलेली, स्वयंपाकघरात टोपलीत झोपलेली, चुलीवर मोहरीतला ससा. मीच ओरडले, "या लवकर, तळाला लागेल!" तुझा रेमी पुढच्या दोरीला, तू मागच्या, पाणी उतरेल तशी हातानं सैल सोडायला. तू दोरीला गाठ मारलीस, क्षणभर, टोपी सावरायला. परका माणूस असता तर भीतीनं दोरी हातातच धरून राहिला असता. तू लॉकवर वाढलेली. आईचा हात वर झाल्याशिवाय पाणी उतरत नाही, हे तुला ठाऊक होतं.

मी हात वर केला नव्हता. दोऱ्या बघितल्या नव्हत्या. दांडा फिरवला.

पाणी गेलं आणि होडी मागच्या दोरीवर शेपटीनं टांगली गेली. रेमी सुरी घेऊन मागे धावला. तो पोहोचला आणि दोरी आपणहून तुटली. होडी आपटली, तो भिंतीच्या आणि होडीच्या मध्ये. झडपा मी बंद केल्या, पण तोवर बंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कालव्याच्या ऑफिसचा माणूस आला. मी म्हटलं, "हात केला होता. पोरीनं बघितलं नाही." तू म्हणालीस, "आई, हात नव्हता." मी त्याच्यासमोर म्हटलं, "तुझं लक्ष टोपीत होतं, तुला काय दिसणार?" तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, कदाचित मी बघितलंच नसेल. मी तेव्हा कॉफी ओतत होते. ओतत राहिले.

कारण काय? नोकरी गेली असती तर घर गेलं असतं. चार भिंती आणि वाफाभर कांदे. त्यासाठी. मी निवृत्त झाल्यावर ऑफिसनं ते घर काढून घेतलंच.

तू गाव सोडलंस. तुझ्या नवीन वर्षाच्या कार्डावर दोन ओळी येतात आणि दरवर्षी त्यांत कुठेतरी "माझ्यामुळे" असतं. मी ती कार्डं वाचत आले. उत्तरात हवापाणी लिहीत आले.

तुझी गाठ चुकीची नव्हती. तुझे डोळे चुकीचे नव्हते. हात नव्हताच.

कालव्याच्या ऑफिसला हेच लिहून उद्या टाकते. त्यांना काय करायचं ते करोत. तुझ्याकडे माफी मागत नाही, ती देणं म्हणजे तुझ्या डोक्यावर आणखी एक काम.

एकच कर. बाप कसा गेला हे तू आनूकला आजवर जसं सांगितलंस, ते पुसून टाक. हे पत्र तिच्या हातात दे. देववलं नाही तर कळव, मी तिला वेगळं लिहीन, याहून सोप्या शब्दांत. तिला तिची आई आहे तशी बघू दे एकदा.

आई म्हणून सही करण्याचा हक्क मला आहे का, ते तू ठरव. मी नाव लिहिते.

लेओंतीन