चिंचेच्या पाण्यातला कोयंडा

आई, आपल्या दाराची साखळी गेली. चोरानं नेली असती तर बरं वाटलं असतं. ती माझ्याच हातून गेली. तू गेलीस तेव्हा मामानं घराला कुलूप घातलं आणि मला पाटोद्याला नेलं, तेव्हापासून ती दारावर पाऊस खात होती. वरचा जस्ताचा पांढरा थर कुठं शाबूत, कुठं पापुद्र्यासारखा सुटलेला, खाली लाल गंज. कुलूप काढताना एक कडी उकललीच.

मी औरंगाबादचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलो. कावून म्हणून विचारशील, तर तुला सांगायला लाज नाही. मागच्या गल्लीतली ती, जी परकर सावरत तुझ्याकडं ताक न्यायला यायची, तिच्यासाठी स्थळं बघतायत असं कळलं आणि मी त्याच दिवशी वळकटी बांधली. तिच्या बापाकडं मागणी घातली, तर त्यानं पारावर चारचौघांत ऐकवलं, "शिक्षण सोडलेल्याला पोरगी द्यायची, तर निदान घर तरी बघू. बाजाराच्या दिवशी येतो. दार लागतंय का, ते बी बघीन." मग मला दुसरं काही सुचेना. साखळी काढून लोहाराकडं गेलो. तो म्हणाला, "मालक, आधी जस्त उतरवून आणा. भट्टीत त्याचा पांढरा धूर निघतो, लई वाईट, ताप भरतो. अन् त्याच्यावर सांधा बी धरत न्हाई."

जस्त उतरवायचं म्हटल्यावर मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. उन्हाळा आहे. कोपऱ्यातल्या मडक्यात जुन्या चिंचेचं पाणी, त्यात बादलीची गंजकी कडी बुडवलेली. मी घटकाघटकाला हात घालून बघतोय आणि तू चुलीपुढून ओरडतेस, "कावून सारखा हात घालतोस रे? आंबटाला त्याचं काम करू दे की!" दुसऱ्या दिवशी त्याच मडक्यातून तू माझ्या भोवऱ्याची गंजलेली आर काढलीस, राखेनं घासलीस, तेलाचं बोट फिरवून माझ्या हातावर ठेवलीस. मी मागितलीही नव्हती.

साखळीही तशीच भिजवली. जस्तावर बारीक बुडबुडे यायला लागले, पण बाजार तोंडावर आला होता आणि माझा स्वभाव तुला माहीत. सोनाराकडून तेजाब आणलं. कॉलेजात तेजाबाचा धडा चालू होता तेव्हाच मी उठून आलो होतो. ओतल्याबरोबर फसफसून जस्त सुटलं, मी खूश. तेवढ्यात ती घागर घेऊन दारावरून गेली. मी पाठोपाठ पाणवठ्यापर्यंत गेलो, लिंबाखाली उभा राहिलो. तिनं वर पाहिलं नाही. पाहील म्हणून थांबलो, ती गेल्यावरही थांबलो. परत आलो तर कड्या गव्हाच्या काडीएवढ्या उरलेल्या. लोहारानं त्या बोटावर लोंबवल्या. "मालक, ही साखळी हाय का शेवया?"

बाजाराच्या दिवशी तिचा बाप आला. त्यानं दार पुढं-मागं ढकललं, चौकटीचा मोकळा कोयंडा चाचपला. "अन् हे बंद कशानं करायचं?" एवढंच विचारलं. पडतं घ्यायचं होतं, हे आता कळतं. तेव्हा डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, "चोरून न्यावं असं हाय काय इथं?"

तो जोडा पायात सरकवत म्हणाला, "तेच बघायला आलतो."

पंधरवड्यात तिची सुपारी फुटली, आष्टीकडं. वरात आपल्या दारावरूनच गेली. मी आत होतो.

आता दार सुंभानं बांधतो. चौकटीचा कोयंडा तेवढा उरलाय. तो उपसून चिंचेच्या पाण्यात घातलाय, तुझ्या पद्धतीनं. घाई कसलीच नाही. साफ निघाला की तेल लावून, तुला हे लिहितोय ह्याच कागदात गुंडाळीन आणि फळीवर ठेवीन. तेलकट कागदात लोखंड टिकतं, आणि ह्या कागदाला दुसरं गाव तरी कुठलं?

एक सांगायचं राहिलं. मी अजून घटकाघटकाला त्या मडक्यात हात घालतो. कोयंडा बघून झालेला असतो. तरी हात तसाच पाण्यात ठेवतो आणि चुलीकडं कान देऊन बसतो.