क्षमेचे पाच धडे

रविवार, ९ मार्च २०२५
लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, पहिला रविवार. सिव्हिल लाइन्सच्या आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर प्रौढांचा धर्मशिक्षण वर्ग सुरू. शिक्षक मी, विश्वंभर साळवे, रिटायर्ड रेल्वे गार्ड. पाद्रीसाहेबांनी विचारलं तेव्हा दुसऱ्या कुणीच हात वर केला नाही. म्हणजे सगळ्यांच्या मनात माझंच नाव होतं. विषय क्षमा. पाच रविवार, पाच धडे. हजर चौदा. हरिभाऊ डोळे मिटून ऐकत होते. किंचित घोरलेही.

रविवार, १६ मार्च
हजर नऊ. होळीचा थकवा असणार. धडा दुसरा : क्षमेसाठी पहिलं पाऊल कुणी टाकायचं? पन्नास मिनिटं बोललो. रिटायर्ड नर्स अंबिकाजी मध्येच म्हणाल्या, "विश्वंभरजी, आपके छोटे भाई तो बबीना में ही हैं न? कभी दिखते नहीं." प्रश्न शेवटी, म्हणालो. शेवटी वेळ उरला नाही.
घरी स्नेहलताने जेवायला वाढलं. वरण अळणी. बायको असूनही वर्गात लक्ष नव्हतं तिचं.

सोमवार, १७ मार्च
माझ्यापुरतं लिहून ठेवतो. धाकट्या भावाशी, सलीलशी माझं भांडण नाही. सात वर्षं बोललेलो नाही, एवढंच. आई त्याच्या घरी वारली तेव्हा मी मालगाडीवर, बीना स्टेशनात अडकलेलो. दोन तास थांबला असता तर आईचा चेहरा दिसला असता. पोचलो तर माती होऊन गेलेली. "मे महिना होता, दादा," म्हणाला. मला ऊन शिकवतो!
तरी त्याला क्षमा करणार आहे. पाचवा धडा झाला की. त्याआधी केली तर वर्गाला दिखावा वाटेल.

शुक्रवार, २१ मार्च
सलीलला पॅरॅलिसिसचा झटका. आता दवाखान्यातून घरी आणलंय. त्याच्या बायकोचा, वसुंधराचा फोन आला. स्नेहलता म्हणाली, लगेच निघू या. मी म्हणालो, परवा तिसरा धडा, तयारी बाकी आहे. शिवाय आजारी माणसाजवळ गर्दी नको. ती एकटीच गेली.
संध्याकाळी परतली. म्हणाली, "तुमचंच विचारत होते." मी विचारलं, माफी मागितली का? ती आत निघून गेली.

रविवार, २३ मार्च
हजर सहा. कमी पण निवडक.

रविवार, ३० मार्च
हजर शून्य. खुर्च्या मांडून पाऊण तास बसलो. शेवटी चौकीदार म्हणाला, "सब तो बबीना गए हैं, साहब. वैन करके. मैडम भी." माझा वर्ग, माझ्या भावाला बघायला, मला न सांगता! संध्याकाळी हरिभाऊंना फोनवर चांगलंच सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही ते पुढच्या रविवारवर टाकलं असतं."
चौथा धडा होऊ शकला नाही. नोंद असावी.

गुरुवार, ३ एप्रिल
मंगळवारी दुसरा झटका. उद्या जातो. पाचव्या धड्याची वाट बघत नाही, हा माझा मोठेपणा. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. आधी तो माफी मागेल. मग मी क्षमा करेन. मग चहा.

शुक्रवार, ४ एप्रिल
स्नेहलताबरोबर गेलो. सलील खिडकीपाशी खुर्चीत, एक बाजू लुळी. वसुंधरा दारातच म्हणाली, "दादा, मंगळवारपासून माणसं ओळखत नाहीत. रविवारी व्हॅन आली तेव्हा धुतलेला शर्ट घालून बसले होते. सगळे उतरले तरी दाराकडेच बघत होते."
मी समोर बसलो. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "आप कौन?"
 चर्चमधून आलोय, म्हणालो.
त्याला आनंद झाला. अडखळत म्हणाला, "मग माझ्या दादाला ओळखत असाल. तिथे शिकवतो. फार हुशार आहे."
"थोडंफार," मी म्हणालो.
त्याने चांगल्या हाताने माझा हात धरला. "त्याला सांगा, थांबायला हवं होतं मी. चुकलंच माझं."
सांगतो, म्हणालो.