काचेचा बूट, नंबर पाच

१ मार्च, सकाळ
आजपासून लेखन. एकवीस तारखेला वाचनालयात मुलांसमोर कथावाचन आहे. जुनी परीकथा नव्या रूपात. वाचणार आई किंवा वडील. कन्या आईचं नाव देणार होती. मी परस्पर माझं देऊन आलो. पूर्वी माझ्या मांडीवरून उठायची नाही. आता स्वतः वाचते. म्हणते, बाबा गोष्ट सांगत नाही, समजावतो. एकवीस तारखेला कळेल.

३ मार्च
काचेच्या बुटाची गोष्ट निवडली. बुटांच्या दुकानात उभी हयात गेली. माझ्याइतका अधिकार कुणाचा? ढोबळ चूक लगेच सापडली. म्हणे बूट एकाच मुलीला येतो! अहो, पाच नंबर अर्ध्या गावाला येतो. शिवाय कुणाचेही दोन पाय सारखे नसतात. मूळ लेखकाने गिऱ्हाईक पाहिलेलं नाही.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं. फार हुरूप आला.

६ मार्च
परी काढली. आजच्या मुलांना पटत नाही. भोपळाही गेला. टॅक्सी ठेवली.

९ मार्च, दुपार
दुकानात प्रयोग. एकच चंदेरी चप्पल येईल त्या बाईच्या पायात घालून पाहिली. निम्म्या जणींना चपखल बसली. एकीने दुसरी मागितली. म्हटलं, ती नायिकेकडे आहे. तिने मालकांना बोलावलं. मालक म्हणाले, साहित्य सुट्टीच्या दिवशी करत चला.
मोठ्या कामाला विरोध होतोच.

१२ मार्च
जमली. बूट बऱ्याच जणींना येतो, म्हणून राजपुत्र अर्ज मागवतो. मग मुलाखती. सावत्र आई मुळात वाईट नाही, कामाने पिचलेली आहे. कन्येने खांद्यावरून डोकावून विचारलं, ती नाचते कधी? म्हटलं, नाच वगळला. काचेने पायाला फोड येतात. तशीच आईकडे गेली. विचारात पडली असावी.

१५ मार्च
लेखन नाही. पेन चांगलं हवं.

१९ मार्च
घरी तालीम. बायकोला मुलाखतींच्या आधीच डुलकी लागली. आवाजात गोडवा आहे तर. कन्या म्हणाली, वाचायला आई आली तर चालेल का? म्हटलं, येऊ दे ना, दोघी पहिल्या रांगेत बसा. ती म्हणाली, बसायला नाही. पुढे काही म्हणत होती, पण मी परिच्छेद तोडत होतो.

२१ मार्च, संध्याकाळ
वाचन झालं. मुलाखतींपर्यंत मुलं शांत होती. मग एकाने मोठ्याने विचारलं, हे काका कधी संपणार? मी टाचेच्या उंचीच्या मुद्द्यावर होतो. कन्या उठली. वाटलं, पाणी प्यायला चालली. माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, बाबा, पुरे, मी सांगते.
मी खाली मुलांत जाऊन बसलो.
तिने परी आणली. भोपळा आणला. नाच तर संपेचना. मग राजपुत्र बूट घेऊन दारोदार निघाला. एकीला येईना, दुसरीला येईना. पाच नंबरबद्दल बोलायचं राहून गेलं. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा कुणीतरी ओरडलं, मग?
सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली.
कन्या म्हणाली, बाबा, मध्ये बोलायचं नाही.