राजा, मंत्री आणि सेवलै

तेन्काशी,
२० एप्रिल २००२

चि. गोमतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पुत्तांडूच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी पोचलं. फोन का करत नाही म्हणून विचारतेस. फोनवर तू नुसती बोलतेस, ऐकत नाहीस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

आंब्याच्या बागेला राखण हवी, हे तुझं म्हणणं खरं. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात माझ्या खोकल्याशिवाय दुसरा आवाज नाही, हेही खरं. पण म्हणून तुमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातली ती तांबडी कुत्री, सेवलै, गळ्यात बांधून घेऊ? चार वर्षांची घोडी, आई कोण, बाप कोण, कशाचा पत्ता नाही. अगं, छत्तीस वर्षं स्टेशनमास्तर होतो मी. विनातिकीट माणूस कधी फाटकाबाहेर सोडला नाही, तो आता घरात घेऊ?

तेव्हा मी सरळ राजपाळयमला कुत्री विकणाऱ्या पेरुमाळराजाकडे गेलो आणि दोन पिल्लं घेऊन आलो. सख्खे भाऊ. सगळ्यांत पांढरी दाखव, एवढीच माझी अट होती. करडी आणि ठिपक्यांचीही होती त्याच्याकडे, मी त्यांच्याकडे मान वळवली नाही. माझी दोघं दुधासारखी पांढरी, नाकं गुलाबी. पेरुमाळराजानं माझ्यासमोर परात बडवली, तशी दोघं उड्या मारत धावली. परीक्षा घेऊनच आणलीत, वेंधळा नाही मी. एक राजा, दुसरा मंत्री.

राग असेल तो मदुरैतच ठेव, माया तेवढी पोस्टानं पाठव.

तुझा अण्णा,
कुट्रालिंगम


मदुरै,
२८ एप्रिल २००२

ती. अण्णांस गोमतीचा सा. न. वि. वि.

पिल्लांना आत्याचे आशीर्वाद. आपल्या आजोबांची वंशावळ कुणी विचारली असती, तर तुम्ही आणि मी दोघंही विनातिकीटच ठरलो असतो, हे मात्र लक्षात असू द्या.

एक गोष्ट विचारते, चिडू नका. दोघांना वेगवेगळं बोलावून पाहिलंत का? या जातीची अगदी पांढरीशुभ्र कुत्री वर्षाला दोन-तीन तरी आमच्या फाटकाला कुणीतरी बांधून पळून जातं. बहिरी असतात. आमचे डॉक्टर म्हणतात, पांढऱ्याला पांढरं जोडत गेलं की असं निपजतं. लहानपणी कळत नाही, कारण बहिरं पिल्लू भावाच्या मागे धावतं आणि आपल्याला वाटतं, परात ऐकून आलं. मी पस्तीस वर्षं नर्स होते, मला शंका घ्यायची खोडच आहे. चुकले असेन तर शेंगदाण्याची चिक्की पाठवीन.

सेवलै बरी आहे. तुम्ही तिला घोडी म्हणालात, हे मी तिला सांगितलेलं नाही.

खोकल्याचं औषध वेळेवर घ्या, आणि माझ्यावर चिडलात तरी लिहायचं थांबू नका.

आपली,
गोमती


तेन्काशी,
२ जून २००२

चि. गोमतीस अनेक आशीर्वाद.

चिक्की पाठवू नकोस.

राजाला ताप आला म्हणून दोन दिवस जनावरांच्या दवाखान्यात ठेवला होता. मंत्री घरी एकटा. सकाळी हाक मारली, आला नाही. वाटलं, भावाविना रुसलाय. माझी स्टेशनवरची शिटी काढली आणि तो झोपला होता तिथे, कानापाशी, गाल फुगवून वाजवली. शेजारची बाई दारात आली. मंत्री कुशीवर वळून झोपला तो झोपलाच. मग मी तिथेच पायरीवर बसून राहिलो.

पेरुमाळराजाकडे जाऊन ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, सार, करडं पिल्लू पुढे केलं तर तुम्ही लोक तोंड फिरवता. पांढरं मागता, आम्ही पांढरं करतो. कान कुणी मागितलेत? महिनाअखेरपर्यंत आणा, बदलून देतो, म्हणाला. परत आणलेल्याचं काय करता, म्हणून मी विचारलं. ते विचारू नका सार, म्हणाला, डागाचं आणि बहिरं ठेवायचं नाही अशी आजोबांपासूनची आमच्या घरची रीत आहे.

विचार करतोय. ज्याला चोराची चाहूल लागत नाही, त्याचा राखणीला काय उपयोग? शिवाय दोन वेळा तो रस्त्यावर गेला, लॉरीचा भोंगा ऐकू येत नाही. उद्या डोळ्यांदेखत चिरडला तर?

तुझं मत मला ठाऊक आहे, तरी लिही.

तुझा अण्णा


मदुरै,
७ जून २००२

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

ठाऊक आहे तर ऐका. त्याला परत नेऊ नका. ती रीत म्हणजे काय, हे तुम्हाला कळलंय आणि मलाही कळलंय. पाण्याची बादली लागते तिला, बाकी काही नाही.

तुम्हाला नको असेल तर मला कळवा. मी येईन आणि घेऊन जाईन. तुमच्या हातची सोदी आणि इडियाप्पम खाईन, एक शब्द बोलणार नाही. बोलले तर या वयात माझा कान धरा.

पण नेऊ नका. एवढं एक मागते.

आपली,
गोमती


तेन्काशी,
२४ जून २००२

चि. गोमतीस आशीर्वाद.

इकडे पावसाची सारल सुरू झाली. कुट्रालमच्या धबधब्याला पाणी आलंय, माणसांची ही झुंबड. यंदा आंबा बरा झाला. राजाची तब्येत सुधारली. खोकला तसाच. स्टेशनवर नवा मास्तर आलाय, गाडी आली तरी खुर्चीतून उठत नाही.

सोबत पाल्कोवा पाठवत आहे. राजपाळयमच्या बसस्टँडवर अगदी ताजी मिळाली. शेजारचा चिदंबरम मदुरैला येतोय, त्याच्या हाती देतो.

जास्त काय लिहू. सुखी राहा.

तुझा अण्णा


मदुरै,
१ जुलै २००२

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

पाल्कोवा पोचली. निवाऱ्यातल्या मुलींना वाटली. मला गोड लागली नाही.

तुमच्या पत्रात धबधबा आहे, आंबा आहे, नव्या मास्तरची खुर्चीसुद्धा आहे. मंत्र्याचं एक अक्षर नाही. आणि राजपाळयमच्या स्टँडवर तुम्ही मिठाई घ्यायला गेला नव्हतात.

मी काही विचारत नाही. लिहावंसं वाटेल तेव्हा लिहा. चिदंबरम येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी एका कामासाठी बाहेरगावी जाऊन आले, बसनं गुडघे धरलेत. एवढंच.

तब्येतीला जपा.

गोमती


तेन्काशी,
१५ जुलै २००२

चि. गोमतीस.

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही. तू ओळखलंसच. मी त्याला नेला. टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून. बसमध्ये सगळा वेळ तो माझा अंगठा चाटत होता. पेरुमाळराजानं बदली पिल्लू पुढे केलं, ते मला घेववलं नाही. रिकामी टोपली घेऊन परतलो आणि स्टँडवर तुझ्यासाठी मिठाई घेतली. का घेतली, देव जाणे.

राजा जेवत नाही. फाटकाशी तोंड करून बसतो. त्यानं त्याच्या भावाचं तिकीट कधी विचारलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मी परत गेलो. पेरुमाळराजा घरी नव्हता. गोठ्यामागे बादली पालथी पडली होती. त्याची बायको म्हणाली, त्यांच्या हातून काही होण्याआधीच एक छत्रीवाली म्हातारी आली, भांडली आणि पिल्लू पदराखाली घालून घेऊन गेली. बिचारीनं माझं तोंड बघून काहीतरी सांगितलं, दुसरं काय. स्टेशनात मीही असंच सांगायचो, गाडी येतेच आहे म्हणून, पुढचा पूल वाहून गेलेला असला तरी.

गोमती, एक गोष्ट मला खाते आहे. छत्तीस वर्षं मी गाड्या सोडल्या. इंजिनाच्या धडधडाटात ड्रायव्हरला माझी हाक कधी ऐकू गेली? तो बघायचा माझ्या हातातला बावटा. हिरवा म्हणजे चल, तांबडा म्हणजे थांब. दोन्ही बावटे अजून पेटीत आहेत. मी त्या पिल्लाच्या कानात शिटी फुंकत बसलो आणि बावटा काही आठवला नाही. पांढरा रंग हवा होता मला, कुत्रं नकोच होतं. तेव्हाच सेवलैला आणलं असतं तर हे पाप डोक्यावर आलं नसतं, आणि तिलाही घर मिळालं असतं.

ती अजून असेल तर मला दे. नाही म्हणालीस तरी ते योग्यच होईल.

अण्णा


मदुरै,
२० जुलै २००२

ती. अण्णांस गोमतीचा सा. न. वि. वि.

पहिली गोष्ट, ती बाई म्हातारी नाही. अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि छत्री उन्हासाठी होती.

पाल्कोवाच्या पुड्यावरचं गाव वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. लगेच कळवायला हवं होतं, पण तुम्ही कबूल होईपर्यंत कळवायचं नाही असं मी ठरवलं. रागावले होते. तुमचं पत्र वाचून रडले, तेव्हा राग गेला.

मंत्री सेवलैच्या पोटाशी झोपतो. फाटक वाजलं की ती उठते, ती उठली की तो उठतो. त्याला आता कानांची कमी नाही. म्हणून दोघांना वेगळं करायचं नाही, असं इथे ठरलंय. नेलं तर दोघांना न्यायचं.

पण भाऊ म्हणून मी कुत्रं देत नाही. निवाऱ्याचा नियम सगळ्यांना एक. सोबत अर्ज आहे. सगळे रकाने भरायचे, स्टेशनमास्तर असलात तरी. मग मी येऊन घर बघेन, फाटक बघेन, आणि मग ठरवेन.

इडियाप्पमची तयारी ठेवा. राजाला सांगा, गाडी येतेच आहे, आणि या वेळी खरी.

आपली,
गोमती


तेन्काशी,
२५ जुलै २००२

चि. गोमतीस अनेक, अनेक आशीर्वाद.

अर्ज भरून सोबत पाठवत आहे. फाटकाला खालून जाळी मारून घेतली. हिरवा बावटा धुऊन वाळत घातलाय, राजा त्याखाली बसलाय. आज सकाळी तो जेवला.

बाकी रकाने सोपे होते. नवव्याला मात्र मी दोन दिवस अडलो. तिथे विचारलंय, यापूर्वी आपण एखादं कुत्रं सोडून दिलं आहे का? असल्यास कोणतं?

खोटं लिहिलं नाही. लिहिलंय, होय. हेच.

त्यावर नाकारायचं असेल तर नाकार, मी पुन्हा अर्ज करीन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
अण्णा