उसाची सावली

आई, श्रीगोंद्याहून मोनी पाया पडते.

मी बरी हाय. बिबटे वाचवनाऱ्या संस्थेत शिकाऊ असले तरी पगार येळेवर मिळतो, खोली बी चांगली हाय. तुमची पाचटाची कोपी औंदा पान्याजवळ हाय का? आप्पांची कंबर दुखायची राहिली का?

फोनवर बोलवंना, म्हनून लिव्हते. दादाकडून वाचून घे.

सोमवारी इथं ऊस तोडताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली. आमी ती क्रेटमधी घालून तिथंच ठेवली. अंधार पडल्यावर मादी आली, एक घेऊन गेली. दुसरं सकाळी तिथंच हुतं. साहेब मला म्हनले, आज टोळीला तोड बंद ठेवायला सांग. पन दिवसाची मजुरी बुडाली की टोळीचं काय हुतं, ते मला ठाऊक. मी टोळीला म्हनले, पलीकडच्या कडेनं तोडा, बिबट्या दिवसा येत न्हाई.

टोळीतल्या भिमाबाईनं तिची तान्ही पोर उसाच्या सावलीला निजवली, तू मला निजवायचीस तशीच. दहाच्या सुमाराला मादी पिल्लासाठी परत आली. पोर वाचली न्हाई.

मी तिच्या कोपीवर गेले. भिमाबाई रडली न्हाई. एवढंच म्हनली, "तुझे आईबाप बी ऊस तोडत्यात म्हनलीस, म्हनून तुझं ऐकलं."

आई, वहिनीच्या परीला उसाकडंला निजवू नका. आप्पांना तिच्यापाशी बसवा, तोड कमी झाली तरी चालंल. आन् माझ्यासारखी कुनी पोरगी येऊन 'भ्यायचं कारन न्हाई' म्हनली, तर तिचं ऐकू नका.

तुझीच,
मोनी