पन्नासावी नोंद

३ मार्च
नवी नोकरी, नवी खुर्ची, आणि खुर्चीला चक्क चारही पाय! शस्त्रक्रिया विभागात मी नोंदी तपासणारा कारकून. शिकाऊ डॉक्टरांनी किती ऑपरेशनं पाहिली, कितींत मदत केली, किती स्वतः केली, ते त्यांच्या वह्यांतून ताडून पाहायचं. अपेंडिक्सची पन्नास स्वतः केली आणि प्रत्येक नोंदीपुढे मोठ्या डॉक्टरांची सही असली, की प्रमाणपत्राच्या यादीत नाव. चिमणीला, म्हणजे धाकट्या बहिणीला, सांगितलं तर म्हणाली, दादा, तू तर डॉक्टरांचाही मास्तर झालास.

९ मार्च
एक शिकाऊ डॉक्टर वही घेऊन आली. डोळे तारवटलेले, पायांत दोन रंगांचे मोजे. पन्नासाव्या नोंदीपुढे सहीच नाही. मोठे डॉक्टर आठवडाभर परगावी, यादी आज संध्याकाळी बंद. ती म्हणाली, दादा, ऑपरेशन मीच केलंय, पेशंट बरा होऊन घरी गेलाय, आई वाट बघतेय. नव्याचे नऊ दिवस, त्यातला माझा सातवा. ताठ राहायलाच हवं. म्हटलं, नियम म्हणजे नियम, आणि लाल शाईने ओळ खोडली. पुढची यादी सहा महिन्यांनी. वही माझ्या टेबलावर ठेवून ती गेली.

११ मार्च
ती गेली. सलग दोन दिवस ड्यूटी करून स्कूटरवर घरी निघाली होती, वाटेत डोळा लागला.

१४ मार्च
तिची आई आली होती. म्हणाली, आता तरी पन्नास पूर्ण म्हणा. यादी बंद झाली, म्हटलं. तिने लेकीची वही मागितली, तीही दिली नाही. वह्या दफ्तरातच राहतात.

१९ मार्च
कुलूपबंद कपाटातली तिची वही सकाळी माझ्या टेबलावर. खोडलेल्या ओळीखाली नवी ओळ, तिच्याच अक्षरात. क्रमांक पन्नास. अपेंडिक्स. तारीख २२ मार्च. पेशंट: स्त्री, वय तेवीस. शिपाईमामा म्हणाले, किल्ली तर तुमच्याकडेच असते.

२१ मार्च
चिमणीच्या पोटात उजवीकडे दुखतंय. तेवीस वर्षांची आहे ती.
मोठे डॉक्टर परतलेत. त्यांच्यापुढे वही धरली, जुन्या ओळीवर सही मागितली. रडले ते. केली सही. शाई वाळायच्या आत दिसेनाशी झाली. माझी लाल रेघ तेवढी राहिली.

२२ मार्च, सकाळ
चिमणीला अपेंडिक्सच. दुसरीकडे नेतो म्हटलं, तर मोठे डॉक्टर वेळ नाही म्हणाले, फुटायला आलंय. संमतीपत्रावर सही केली. भाऊ म्हणून.

दुपार
मोठे डॉक्टर अजून बाहेर हात धुतायत. मग आत कोण — दाराच्या काचेतून दिसली, मास्क लावलेली — दोन रंगांचे मोजे —

वही उघडली. ‘स्वतः केलं’वर खूण. ‘पेशंटची स्थिती’, बरा की मृत — रकाना रिकामा.

बाई गं, चुकलं माझं. एकोणपन्नास जणांना तू बरं करून घरी पाठवलंस. तो पन्नासावाही. सगळे तुझेच. माझी चिमणी — दादा म्हणते मला. तूही म्हणाली होतीस —

रकान्यात शाई उमटतेय. पहिलं अक्षर —