सकाळचे नवरा-बायको

प्रिय तू,

माइक चालू असला की मी तुला ‘अहो’ म्हणायचे आणि बंद झाला की ‘अरे’. कागदावर यातलं कुठलं लिहायचं ते ठरेना, म्हणून नुसतं ‘तू’. फोन का केला नाही, असं विचारशील. दोनदा हातात घेतला होता. पण तू ‘बोला बाईसाहेब’ म्हणणार, मी ‘उठलात का एकदाचे’ म्हणणार आणि आपला कार्यक्रम सुरू होणार. त्या आवाजात बोलायचं त्राण सध्या माझ्यात नाही. पत्रात निदान मध्येच कुणी जाहिरात लावत नाही.

आपलं केंद्र बंद झालं. माझ्या नणंदेने तुझ्या कानावर घातलं असेलच. (अजून तोंडात नणंद असंच येतं. बहीण तुझी असली तरी फोन ती मलाच जास्त करते.) तसं बघायला गेलं तर पाटी जागेवर आहे, प्रक्षेपणाचा खांब उभा आहे, रेडिओ लावला तर गाणीसुद्धा लागतात. पण सगळं शहरातून येतं. जिन्यावरच्या आपल्या तिन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. भिंतीवरची आवाज शोषणारी भोकाभोकांची फळी काढली, तर मागे ओल आलेली. इतकी वर्षं आपण त्या ओलीला पाठ टेकून बसत होतो. खालचा सायकलवाला म्हणाला, वर पावलं वाजत नाहीत तर दुकान उघडल्यासारखंच वाटत नाही.

खोकी भरताना मला एकसारखी आपली पहिली सकाळ आठवत होती. खरं तर कार्यक्रम असा नव्हताच. मी हरवलं-सापडलं वाचायचे, तू हवामान आणि बाजारभाव. मध्ये गाणं लागलं होतं आणि माइक बंद आहे असं समजून आपण घरचा नळ कोणी उघडा ठेवला यावर भांडत होतो. गाणं संपलं तरी भांडण चालू. तू म्हणालास, ‘शेवटचं तोंड तूच धुतलंस.’ मी म्हणाले, ‘तोंड धुतलेलं दिसतंय तरी, तुझं दिसत नाही.’ आणि काचेपलीकडे यंत्रं आणि खांब सांभाळणारे आपले खांबकाका दोन्ही हात हलवत उभे. मालक नोकरीवरून काढतील म्हणून मला रडू फुटायच्या बेतात होतं, तर फोन वाजायला लागले. पाववाल्या मावशी पहिल्या. त्यांनी निकालच दिला, की नळ नवऱ्यानेच उघडा ठेवलाय, आवाजावरून कळतं. मालकांनी आपल्याला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, उद्या कशावरून भांडणार?

काय दिवस होते ते. एवढंसं गाव, त्यात दोन केंद्रं, एक आपलं आणि एक पुलापलीकडचं. जाहिराती देणारी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. खुर्चीवाले शेठ दोन्हीकडे चहा पिऊन यायचे आणि दोन्हीकडे सांगायचे की समोरचे स्वस्तात करतायत. आपलं नवरा-बायकोचं चाललं म्हणून पलीकडच्यांनीही जोडी आणली. एक बाई आणि तिचा सख्खा भाऊ. सगळ्या गावाने त्यांना एका शाळेत जाताना बघितलेलं, आणि हा बिचारा तिला ‘राणी’ म्हणतोय. आठवड्यात बंद पडलं. तू तर हसून हसून खुर्चीवरून पडला होतास. ती बाई आता चष्म्याच्या दुकानात असते. परवा माझा नंबर तपासताना म्हणाली, तुमच्यावर किती जळायचो आम्ही. मग म्हणाली, आता वरची ओळ वाचा.

मग तिसरं केंद्र आलं, बाहेरच्या कंपनीचं. नुसती गाणी, बोलणं नाहीच. मालक म्हणाले, माणसाच्या आवाजाशिवाय कोण ऐकेल? लोकांनी ऐकलं. जाहिरातींचे तीन वाटे झाले, आणि त्यानंतर लोकांच्या खिशात फोन आले तेव्हा वाटायलाही काही उरलं नाही. मालकांनी केंद्र त्याच कंपनीला विकलं. त्या दिवशी त्यांनी खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं आणि जिना उतरून गेले. कंपनीने आधी नवीन गालिचा टाकला. आपण खूष. मग दुपारच्या बातम्या गेल्या, मग संध्याकाळ गेली. नदीला पूर आला होता त्या दिवशी शहरातला मुलगा आपल्याच लहरींवरून ‘काय छान ऊन पडलंय’ म्हणाला होता, आणि खांबकाका गुडघाभर पाण्यात उभे राहून खांबाखालची पेटी उचलत होते. पलीकडचं केंद्र त्याच वर्षी मिटलं. आपण जिंकलो म्हणून तू मिठाई आणलीस. कुणी खाल्ली नाही.

या सगळ्यात आपलं काय चाललं होतं, ते मी कधी कुणाजवळ बोलले नाही. तूही बोलला नसशील. सकाळी दोन तास इतकं भांडायचो की घरी आल्यावर बोलायला काही शिल्लक नसायचं. कुठली गंमत झाली की तू म्हणायचास, थांब, आत्ता नको, उद्या सकाळी बोलू. मी थांबायचे. थांबता थांबता घरात नुसता पंख्याचा आवाज राहिला. एकमेकांचं वाईट असं कुणीच काही केलं नाही. कोर्टातल्या बाईंनासुद्धा कारण लिहून घेताना अडचण झाली. तू लाँड्रीमागची खोली घेतलीस, आणि तो निकाल हातात आला त्याच आठवड्यात मालकांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, ‘घरी काय करायचं ते करा. सकाळी सात ते नऊ मात्र नवरा-बायको राहा. माझ्यासाठी नाही, या जागेसाठी.’

आपण सहा महिने म्हणालो होतो. पुढे मालक गेले, कंपनी आली, तरी आपलं चालूच. तू सायकल मागच्या गल्लीत लावायचास, म्हणजे आपण वेगवेगळे येतो हे दिसू नये. आत आलास की विचारायचास, आज घरात काय झालं? मी सांगायचे की दिवा गेलाय, गिरणीवाल्याने पीठ जाड दळलं, शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली. आणि पाच मिनिटांनी तू हवेवर त्याच दिव्यावरून माझ्याशी भांडायचास, जणू काल तूच त्या अंधारात स्टुलावर चढला होतास. किती खोटं होतं ते. पण तुला सांगू, दिवसभरात माझ्या घरात काय झालं हे मला विचारणारा तेवढा एकच माणूस होता.

आता तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट. शेवटच्या दिवशी खुर्चीवाले शेठ वर आले होते. गुडघे धरत, प्रत्येक पायरीवर थांबत. मी त्यांना म्हटलं, शेठ, आता काय लपवायचं, आम्ही दोघं केव्हाच वेगळे झालो होतो. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, ‘पहिल्या आठवड्यातच कळलं होतं सगळ्यांना. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून आम्ही विचारलं नाही.’ पाववाल्या मावशींना ठाऊक होतं. सायकलवाल्याला तर होतंच, तुझी सायकल तोच दुरुस्त करायचा. आणि तरी ते सगळे रोज फोन करून विचारत राहिले, आज नवऱ्याने काय घोळ घातला? आपण त्यांना सांभाळत होतो असं आपल्याला वाटत होतं. त्यांनीच आपल्याला पदराखाली घेतलं होतं. मला तिथे बसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून मी आतल्या खोलीत गेले.

तू गेलास तेव्हाचा राग मात्र अजून पुरता गेला नाही, हेही लिहून टाकते. कंपनीचे साहेब म्हणाले, एका वेळी एकच माणूस परवडेल, तुम्ही दोघांनी ठरवा. ठरवायला दोन दिवस दिले होते. तू दोन मिनिटंही घेतली नाहीस. माझ्याकडे न बघता म्हणालास, ‘हिचा आवाज ठेवा. माझा तसाही लोकांना कंटाळा आलाय.’ आणि टोपी उचलून बाहेर. सगळे म्हणाले, केवढं मन. मला मात्र एवढंच दिसलं, की या वेळीही मला न विचारता ठरवलंस. विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, ते मलाही ठाऊक नाही. पण मी म्हणाले असते काहीतरी. नंतरचे काही दिवस मी हवेवर सांगितलं, हे गावाला गेलेत. मग सांगायचं थांबवलं. फोन येत राहिले, पण तुझ्याबद्दल कुणी विचारलं नाही. त्याचं कारण मला शेठ आले त्या दिवशी कळलं.

शेवटची सकाळ कशी गेली म्हणशील, तर इतर सकाळींसारखीच. निरोपाचं काही बोलू नका असा वरून हुकूम होता. लाँड्रीवाले आजोबा गेल्याची बातमी वाचली, तुझे घरमालक. एक तपकिरी कुत्रा हरवला होता, त्याचं सांगितलं. शेवटी एक गाणं लावलं आणि ते अर्ध्यावर असतानाच शहरातल्या मुलीचा खिदळणारा आवाज हवेवर आला. खांबकाकांनी कानांवरचे हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली आणि विचारलं, हे कुठे ठेवू? ठेवायला टेबलच नव्हतं, ते आदल्या दिवशीच उचलून नेलेलं. मग ते तसेच वायर हातात घेऊन जिन्यावर बसून राहिले. कुत्रा सापडला, पण ते सांगायचं कुठे? मालकीण माझ्या घरी येऊन सांगून गेली.

त्यानंतर चार दिवसांनी कंपनीचा एक तरुण माझ्याकडे आला. चांगल्या घरचा, चपला बाहेर काढून आत आला. म्हणाला, मॅडम, शहरातले लोक जुन्या गोष्टींवर खूष आहेत, तुमची सकाळची जोडी आम्हाला सगळ्या गावांत लावायची आहे. मी म्हटलं, बाबा, ते जुनं झालं, त्यातले बाजारभाव ऐकून लोक रडतील. तो हसला. जुनं नाही, रोज नवीन. तुम्ही काहीच करायचं नाही, तुमचे दोघांचे आवाज आमच्याकडे भरपूर आहेत, मशीन त्यातून रोज नवीन भांडण करून देईल. फक्त दोघांपैकी एकाची तरी संमती लागेल. नमुना म्हणून त्याने एक ऐकवलं. छत्री कोणी हरवली यावरून आपण भांडत होतो. असं भांडण आपण कधीच केलं नव्हतं. पण ते आपणच होतो. तुझा तो घसा खाकरणं, माझं मध्येच तोडणं, सगळं. आणि शेवटी तू म्हणालास, ‘चुकलं माझं, राहू दे.’ इतक्या वर्षांत एकदाही म्हणाला नव्हतास. त्यावर मी हसले. यंत्रातली मी. तसं मी कधी हसत होते, ते मी विसरून गेले होते. त्या मुलाला वाटलं मला आवडलं. तो चहा न घेताच गेला.

रक्कम बरी आहे. ‘नाही’ कळवायला मलाही दोन दिवस लागले, म्हणून तुला शहाणपण शिकवत नाही. बहिणीच्या गावी मेव्हण्याच्या दुकानात खिळे मोजत दिवस काढणं सोपं नाही, तेही मला कळतं. येत्या आठवड्यात तो मुलगा तुझ्याकडे येईल, त्याच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून आज लिहायला बसले. तू ‘नाही’ म्हण. नवऱ्याशिवाय राहायला मी एकदा शिकले, आणि ते मला अजिबात सोपं गेलं नाही, हे तुला मी कधी कळू दिलं नव्हतं. आता पाववाल्या मावशींच्या दुकानात, सायकलवाल्याकडे, रोज सकाळी त्या दोघांचं सुखाने चाललेलं ऐकत पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, ते माझ्याच्याने होणार नाही. आणि तू आधीच ‘हो’ म्हणून बसला असशील, तर या वेळी तरी मला तूच सांग. मी रेडिओ लावणार नाही, रस्ता बदलीन, काहीतरी करीन. पण सांग. तू तिथे कसा आहेस, घरात दिवसभर काय होतं, तेही लिही. ऐकणारं कुणी नाही, तेव्हा खरं लिहिलंस तरी चालेल.

कागदावर कुणाची नसलेली, सवयीने मात्र
तुझीच